नवऱ्याकडची १७७० च्या आसपासची अमेरिकेतली पूर्वज आजी शोधताय? आधी एवढं करा

पहिलं म्हणजे तिचंच नाव सर्चमध्ये टाकत बसू नका. लग्नानंतर कायद्याने जवळजवळ सगळं नवऱ्याच्या ताब्यात जायचं, त्यामुळे आधी बाप, भाऊ, नवरा, जावई शोधायचे, चीड येते पण इलाज नाही. १८५० च्या आधीच्या सेन्ससमध्ये पण नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकीचे नुसते आकडे, ती विधवा होऊन घर चालवत असेल तरच दिसेल.

सुरुवातीला हे बघा:
- बापाचं मृत्युपत्र. "माझी मुलगी हॅना, अमक्याची बायको" एवढी ओळ सापडली की माहेर-सासर जुळलं.
- नवऱ्याने जमीन विकल्याचं खत. बऱ्याचदा शेवटी तिने आपला विधवेचा तिसरा हिस्सा (नवरा गेल्यावर त्याच्या जमिनीच्या एक तृतीयांशावर असलेला हक्क) सोडल्याची सही असते, नाहीतर नुसती फुली.
- नवरा अमेरिकेच्या क्रांतियुद्धात (इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात) लढला असेल तर विधवा पेन्शनची फाइल. लग्नाचा पुरावा म्हणून काही बायकांनी घरच्या बायबलची पानंच फाडून पाठवली, पोरांच्या जन्मतारखांसकट, आणि ती अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आजही आहेत!

मृत्युपत्रातली बायको म्हणजेच सगळ्या पोरांची आई असं धरू नका, दुसरी लग्नं भरपूर व्हायची. १७५२ च्या आधी इंग्रजी वसाहतींत वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून फेब्रुवारीतल्या तारखेला १७३१/३२ असं (जुन्या आणि नव्या पद्धतीचं) दुहेरी वर्ष दिसलं तर तसंच उतरवा. आणि दुसऱ्याची वंशावळ कॉपी-पेस्ट अजिबात नको, मूळ कागद बघा. डीएनए नंतर बघू, आधी काउंटी (तिकडचा जिल्हा) कुठली ते सांगा.