रिले व्हॉल्व्हखालून हवा, दोष मात्र बूस्टरचा

प्रश्न : जुना ट्रक आहे. हँडब्रेक सोडला की मागच्या रिले व्हॉल्व्हखालून (मागच्या ब्रेकना हवा पोचवणारा व्हॉल्व्ह) सूं सूं हवा जाते, ओढला की बंद. रिलेचं किट दोनदा बदललं, फरक नाही. आता काय?

उत्तर : रिलेला तिसरं किट घालू नका. बूस्टर म्हणजे मागच्या चाकाजवळचा ब्रेक लावणारा डबा; त्यात एक कप्पा पायाच्या ब्रेकचा, दुसरा हँडब्रेकच्या स्प्रिंगचा. हँडब्रेक सोडलेला असताना बूस्टरच्या स्प्रिंगवाल्या कप्प्यात हवा भरलेली असते. मधलं सील गेलं की ती पायाच्या ब्रेकच्या कप्प्यात शिरते, तिथून पाइपने उलटी येते आणि रिलेच्या ३ नंबरच्या तोंडातून बाहेर पडते. रिले बिचारा फक्त वाट देतो.

गाडी सपाटीवर घ्या, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. हवेची टाकी पूर्ण भरा, इंजिन बंद करा, हँडब्रेक सोडा. आता मागच्या एकेका बूस्टरचा पायाच्या ब्रेकचा होज सोडा. ज्या बूस्टरच्या तोंडातून हवा येईल तो खराब. पायाच्या ब्रेकच्या तोंडावर ११ आणि स्प्रिंगच्या तोंडावर १२ असा आकडा असतो, पण जुन्या गाडीत तो रंगाखाली दडलेला. मग होज सोडण्याआधीच मदतनिसाला पॅडल दाबायला सांगा, तुम्ही होज मुठीत धरा : दाबताना कडक होतो तो पायाचा.

बूस्टर उतरवण्याआधी मागचा बोल्ट फिरवून स्प्रिंग आवळून घ्या. स्प्रिंगचा डबा मात्र गॅरेजमध्ये उघडूच नका; सुटलेली स्प्रिंग जीव घेते. अख्खा बूस्टरच बदला.