वही खाली ठेवू नकोस

प्रिय पोरा,

मंगळवारी सराव संपल्यावर तू स्टँडच्या खालच्या पायरीवर बसला होतास. पेनाचं टोपण दातात, गुडघ्यावर वही, कोण आलं कोण नाही त्याच्या खुणा चाललेल्या. मागून दोघं "काय कारकून!" म्हणत गेले आणि तू वही मिटून बॅगेत कोंबलीस. रात्री तुझा मेसेज: "सर, लिखापढी सोडतो, नुसतं खेळतो." मला राग आला. त्या दोघांचा आला, पण तुझाही आला.

वही खाली ठेवू नकोस.

जॉन कॅमेरॉन या फुटबॉलपटूचं नाव तू ऐकलं नसशील. स्कॉटलंडमधल्या एअर गावचा, जन्म 1872. ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबकडून खेळला, मग 1895 मध्ये लिव्हरपूलला एव्हर्टन क्लबकडे गेला. सुरुवातीला हौशी म्हणून खेळायचा आणि पोटासाठी क्युनार्ड या जहाज कंपनीत नोकरी करायचा. संघातल्या काही पगारी खेळाडूंना ते खुपायचं. म्हणजे बोलणी त्यालाही खावी लागली. 1898 मध्ये खेळाडूंनी आपली संघटना काढली तेव्हा सेक्रेटरी झाला तो हाच. पगारावर मर्यादा नको, क्लब बदलताना आमचंही ऐका, एवढंच मागणं होतं. संघटना टिकली नाही. 1901 पासून फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मुख्य लीगमध्ये, आठवड्याला चार पौंडांवर पगार द्यायचा नाही असा नियम आला. तरी त्यानं लिहायचं सोडलं नाही.

त्याच वर्षी, 1898 मध्ये, तो लंडनच्या टॉटनहॅम क्लबकडे गेला आणि 1899 मध्ये तिथला मॅनेजर झाला. खेळाडू, मॅनेजर, सेक्रेटरी, तिन्ही एकटाच. पत्रव्यवहार त्याचा, खेळाडू हेरणं त्याचं, आणि शनिवारी फॉरवर्ड लाइनीत खेळायचंही त्यानंच. 1900 मध्ये सदर्न लीग जिंकली; ती दक्षिणेकडच्या क्लबांची वेगळी लीग. 1901 ला एफए कपची, म्हणजे इंग्लंडच्या मोठ्या बाद-फेरी स्पर्धेची फायनल, समोर शेफिल्ड युनायटेड. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर लाखाच्या वर माणूस. लाइन्समन कॉर्नर दाखवत होता आणि रेफरीनं शेफिल्डला गोल दिला. सामना 2-2. विचार कर, असा गोल तुझ्यावर झाला असता तर आठवडाभर तू काय केलं असतंस? आठवड्यानं बोल्टनला पुन्हा सामना झाला. मध्यंतराला टॉटनहॅम एका गोलनं मागे. बरोबरीचा गोल कुणी केला? त्याच कारकुनानं. 3-1 नं जिंकले. फुटबॉल लीग सुरू झाल्यापासून लीगबाहेरच्या संघानं तो कप जिंकलेला तेवढा एकदाच.

आता मला सांग, वहीनं त्याचा खेळ बिघडवला का?

माझं सांगतो. तेविसाव्या वर्षी एका संघानं मला बोलावलं. सगळं तोंडी ठरलं: सीझनचे पैसे, आणि लागलं तर दवाखान्याचा खर्च. कागद मागायची मला लाज वाटली. आपलीच माणसं, कागद कसला मागायचा! फेब्रुवारीत गुडघा गेला. मी विचारायला गेलो तेव्हा ज्यांनी शब्द दिला होता तेच म्हणाले, "असं कधी ठरलं होतं?" माझ्याकडे दाखवायला एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. लोक आजही म्हणतात, मी रागाच्या भरात मैदान सोडलं. सोडलंच. तिथं राहून मान खाली घालून फिरायचं नव्हतं मला, आणि त्याबद्दल मला अजूनही काही वाटत नाही. कॅमेरॉननंही 1907 मध्ये संचालकांशी पटेना म्हणून टॉटनहॅम सोडलंच की. पण तो पुढं जर्मनीत ड्रेस्डेनला फुटबॉल शिकवायला गेला. मी अकरा वर्षं घरी बसलो. वाटतं ते त्या अकरा वर्षांचं.

पुढं महायुद्ध पेटलं आणि 1914 च्या नोव्हेंबरात जर्मनीतले इंग्रज पुरुष धरून बर्लिनजवळच्या रूलेबेनच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर कोंडले. चार हजारांच्या वर माणसं, झोपायला घोड्यांचे तबेले. कॅमेरॉन त्यांत होता. तिथं कैद्यांनी फुटबॉल असोसिएशन काढली, संघ पाडले, सामने लावले. सेक्रेटरी कोण, ते मी सांगायला पाहिजे का? तबेल्यात राहणारा माणूस सामन्यांची वेळापत्रकं लिहीत होता, पोरा. आणि तू दोघांच्या टोमण्यावर वही मिटतोस!

खेळ तुझा चांगला आहे, ते मी सांगत बसत नाही. डावा पाय अजून आळशी आहे, ते सरावात बघू. पण आपल्या तालमीच्या संघात कुणाला काय कबूल केलं, कुणाचा विमा उतरवला, कुणाचा गुडघा कधी दुखावला, हे आज फक्त तुझ्या त्या वहीत आहे. तू ती खाली ठेवलीस की ते कुठंच नाही. परवा गोलकीपरला लागलं, ती तारीख लिहिलीस का? नसेल तर आजच लिही, पुढं दोघांची सही घे. एक त्याची, एक माझी. मी सहा वाजता मैदानावर आहे.

तुझा,
सर