सैन्यात हेलिकॉप्टर चालवणाऱ्या भावाची मानदुखी

ताई, तुमचा भाऊ आर्मी एव्हिएशनमध्ये हेलिकॉप्टर चालवतो, सुट्टीवर कराडला आलाय, मान दुखतेय आणि घरचे त्याला मान मोडून देणाऱ्याकडे न्यायचं म्हणताहेत, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून नेऊ नका. झटक्यानं मान फिरवताना मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते. असं क्वचितच होतं, पण झालं तर लकवा मारण्यापर्यंत जातं. आणि ‘कट्’ आवाज आल्यावर जे बरं वाटतं ते थोडाच वेळ टिकतं.

मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे. पैलवान आणि फौजी, दोघांच्याही माना हाताखालून गेल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपलं डोकं साडेचार-पाच किलोचं. त्यावर हेल्मेट, आणि रात्री नाइट व्हिजन गॉगल, म्हणजे अंधारात दिसण्यासाठी हेल्मेटला लावायची दुर्बीण. गॉगल कपाळापुढे असतो, त्यामुळे डोकं पुढे ओढलं जातं आणि मानेमागचे स्नायू ते सतत धरून ठेवतात. तोल साधायला हेल्मेटच्या मागे वजन लावलं की ओढ कमी होते, पण एकूण भार वाढतोच. त्यातच गॉगलमधून जेमतेम 40 अंशांचा भाग दिसतो. नुसते डोळे फिरवून भागत नाही, सारखी मान वळवावी लागते. डाव्या हाताशी कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा), उजव्या हातात सायक्लिक (दिशा देणारा दांडा), त्यामुळे बसणं पुढे झुकलेलं, आणि जोडीला रोटरची थरथर. फायटर पायलटचं वेगळं: 9 जीच्या, म्हणजे वजन नऊपट भासतं अशा वळणात डोकं-हेल्मेट मिळून साडेसहा किलो असतील तर मानेवर जवळपास 58 किलोंचा भार येतो, पण काही सेकंदच. तुमच्या भावाचा भार त्यामानानं कमी, पण तासन्‌तास. त्याच्या मानेला दम हवा.

म्हणूनच मामांनी सुचवलेला तालमीतला व्यायाम, डोकं मातीला टेकवून मानेवर अंग तोलायचा, सध्या नको. दुखऱ्या मानेवर मागे वाकवून अख्ख्या अंगाचा भार टाकायचा म्हणजे दुखणं वाढवणं. पैलवानाची मान लहानपणापासून तशी घडलेली असते.

त्याऐवजी सुरुवात हलकी करा. उताणं झोपून डोक्याखाली घडी केलेला टॉवेल, आणि ‘हो’ म्हणताना हलवतो तितकीच हनुवटी आत. डोकं उचलायचं नाही. 10 सेकंद धरायचं, 10 वेळा. करताना गळ्याच्या पुढच्या बाजूचे जाड स्नायू टरारून आले तर जोर जास्त होतोय. हे जमलं की तळहाताचा हलका विरोध देऊन चारही बाजूंना मान स्थिर धरायची. रबरी पट्टा ओढून खांद्याची पाती मागे आणायचा व्यायाम मात्र पहिल्या दिवसापासून, कारण पाती ढिली असली की सगळं ओझं मानेवर येतं. फरक कळायला सहा-आठ आठवडे लागतात. सुट्टी त्याआधी संपेल, तेव्हा युनिटमध्ये गेल्यावरही चालू ठेवायला सांगा.

तिकडे गेल्यावर हेल्मेटचं फिटिंग तपासून घ्यावं. सैल हेल्मेट घसरतं आणि मान ते सावरत बसते. मागचं वजन अंदाजानं बदलू नये. गॉगल लागत नसेल तेव्हा वर करावा, आणि मागे बघायचं तर छातीपासून वळावं.

मला जास्त काळजी वेगळीच वाटते. उड्डाण बंद होईल, मेडिकल कॅटेगरी (उड्डाणासाठी लागणारा तंदुरुस्तीचा दर्जा) जाईल, या भीतीनं ही मुलं दुखणं लपवतात आणि मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणून खातात. स्नायू सैल करणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. त्या घेऊन कॉकपिटमध्ये बसणं जिवावरचं आहे. युनिटच्या डॉक्टरांना लवकर सांगितलं तर बहुतेकदा व्यायामावर आणि थोड्या विश्रांतीवर भागतं.

हाताला मुंग्या, पकड ढिली होणं, शर्टाची बटणं लावताना बोटं न वळणं, चालताना तोल जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही असेल तर व्यायाम थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तसं काही नसेल तर गरम पाण्याची पिशवी आणि आजीच्या हातचं हलकं तेल, दोन्ही खुशाल चालू द्या.