जुन्या पंपाची जागा आणि नवं बांधकाम

प्रश्न : जालन्यात भर बाजारपेठेत आमची वडिलोपार्जित 14 गुंठे जागा आहे. 1978 ते 2009 तिथे पेट्रोल पंप होता. जागा तेल कंपनीला भाड्यानं दिली होती. आता आम्ही भावंडं एका बिल्डरबरोबर करार करतोय. तळघरात पार्किंग, खाली दुकानं, वर फ्लॅट. माती परीक्षणासाठी खड्डा घेतला तर सात-आठ फुटांवर डिझेलचा भपकारा आला. बिल्डर म्हणतात, 'ही माती उचलून एखाद्या शेतात टाकू, मुरूम भरू, काँक्रीट पडलं की विषय संपला.' मागच्या वाड्यातल्या काकू सांगतात, त्यांच्या आडालाही वास येतो. काय करावं?
– एक वाचक, जालना

उत्तर : आधी त्या खड्ड्याला पत्रे लावा आणि कुणालाही आत उतरू देऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचून राहते. एक बिडी पुरे होते. आडाचं पाणी आजपासून बंद, अगदी धुण्याभांड्यालासुद्धा. उकळून वापरू म्हणाल तर त्यातलं बेंझीन वाफेबरोबर स्वयंपाकघरातच पसरेल. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम ठेवली आहे, आणि नाकाला कळायच्या कितीतरी आधी ती ओलांडलेली असते. पण आड बुजवायची घाई नको. तपासणीसाठी तो आयताच मिळालाय.

आता जमिनीकडे वळू. काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून ती तेलही अडवेल, असा अनेकांचा समज असतो. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. टाकीतून झिरपलेलं तेल त्या वाटेनं मुरमात उतरतं आणि तिथून खडकाच्या सांध्यांत. पेट्रोल-डिझेल पाण्याहून हलकं, त्यामुळे ते भूजलाच्या पातळीवर तवंग धरून बसतं. मृगाच्या तोंडावर पातळी खोल जाते तेव्हा तवंगही खाली जातो, पावसाळ्यानंतर पाण्याबरोबर वर येतो आणि या ये-जा करण्यात मधला सगळा मुरूम माखून निघतो. म्हणून एकाच मोसमातल्या एकाच नमुन्यावर 'जागा स्वच्छ' लिहिणारा अहवाल मी तरी मानणार नाही. एक तपासणी मे महिन्यात, दुसरी दिवाळीच्या आसपास.

नमुने कुठून घ्यायचे हे ठरवायला जुना नकाशा शोधा. टाक्या कुठे पुरल्या होत्या, पाइप कुठून गेले होते, गाड्या धुवायचा रॅम्प कुठे होता, जळकं ऑइल कुठे ओतायचे. कागद सापडले नाहीत तर पंपावर काम केलेला एखादा जुना माणूस गाठा, बोटानं दाखवील. टाक्या अजून जमिनीत असतील तर त्यांना गॅस कटर लावू देऊ नका. आधी आतला वायू काढून टाकी सुरक्षित असल्याचा दाखला घ्यावा लागतो. पंपाचा परवाना पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचा असतो, तिचं मुख्यालय नागपूरला आहे. टाक्यांचा तपशील तिथल्या कागदांत असायला हवा.

पाणी कोणीकडे वाहतंय हे कळायला किमान तीन निरीक्षण बोअर लागतात, तेही एका रेषेत नकोत. कुंडलिका नदी अमुक बाजूला आहे म्हणजे भूजलही तिकडेच जाणार, असं धरून चालू नका. खडकाचे सांधे वेगळीच वाट धरतात. बोअर उथळ ठेवा. बांधकामाला पाणी हवं म्हणून याच जागेत तीनशे फूट बोअर मारलात, तर वरची घाण खालच्या पाण्यापर्यंत तुम्हीच पोचवाल. मातीचा नमुना प्लास्टिकच्या पिशवीत देणारा माणूस आला तर त्याला परत पाठवा, कारण वाटेतच अर्धं उडून जातं. काचेची बरणी काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून, बर्फाच्या डब्यात ठेवून प्रयोगशाळेत गेली पाहिजे. बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन, झायलीन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन तपासायला सांगा. शिसंही बघा. देशात शिसंविरहित पेट्रोल सगळीकडे 2000 साली आलं, तुमचा पंप त्याआधीची बावीस वर्षं चालू होता.

तळघराबद्दल माझं मत स्पष्ट आहे : अहवाल येईपर्यंत नकाशात तळघर नको. पाया खणताना पाणी उपसलंत की आजूबाजूचा तवंग तुमच्या खड्ड्याकडे ओढला जातो, आणि ते उपसलेलं पाणी नालीत सोडता येत नाही. इमारत झाल्यावर वाफ तळघरात शिरते ती वेगळीच. स्टिल्ट पार्किंग करा, म्हणजे जमिनीवर नुसते खांब आणि त्यांच्यामध्ये गाड्या. मोकळी हवा खेळेल. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. बांधकाम परवानगीत पावसाचं पाणी जिरवायची अट असते. मराठवाड्यात या अटीला नावं ठेवायची माझी हिंमत नाही, पण दूषित मातीतला शोषखड्डा विष खाली ढकलतो. छताचं पाणी टाकीत साठवा किंवा तपासून स्वच्छ ठरलेल्या कोपऱ्यातच जिरवा, आणि हे नगररचना विभागाला अहवालासह लेखी कळवा.

साफसफाईचं म्हणाल तर टाक्यांभोवतीची सगळ्यात माखलेली माती काढावीच लागेल. शेतात ती अजिबात नाही. ती घातक कचऱ्यात मोडते का हे तपासून, मोडत असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत रांजणगावसारख्या अधिकृत केंद्रावर जाते. कमी माखलेली डिझेलची माती जाड ताडपत्रीवर पसरून, थोडा युरिया आणि ओल देऊन, वरचेवर उलटीपालटी करत ठेवली की जिवाणू तेल खातात. आपल्या उन्हात हे काम थंड देशांपेक्षा लवकर होतं, तरी काही महिने धराच. पाऊस लागता कामा नये, म्हणजे दिवाळी ते मे हाच काळ. जमिनीतून वाफ शोषून घेणारं यंत्र कुणी सुचवलं तर विचारा, काळ्या मातीत की मुरमात? मुरमात ते चालतं. चिकणमातीतून हवाच खेळत नाही.

खर्च कुणाचा? भाडेकरार काढा आणि जागा परत करतानाची अट वाचा. दूषित जागांसाठी केंद्रानं जुलै 2025 मध्ये स्वतंत्र नियम आणलेत, त्यांत ज्यानं दूषित केलं त्यानं भरावं हेच तत्त्व आहे. वकिलामार्फत कंपनीला नोटीस द्या, प्रत मंडळाच्या छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयाला. बिल्डरबरोबरच्या करारात तपासणी, साफसफाई आणि त्यात जाणारा वेळ कुणाच्या डोक्यावर, हे स्वतंत्र कलमात लिहून घ्या. नकाशा दाखल करण्याआधीच हे सगळं करा. नंतर तळघर रद्द करायचं म्हटलं की पुन्हा नकाशा, पुन्हा शुल्क आणि भावंडांत वाटणीची चर्चा पहिल्यापासून.