साखर वाढवली, तरी पाव बसका का?

प्रश्न : यीस्टला भरपूर खाद्य मिळावे म्हणून अर्धा किलो मैद्यात सव्वाशे ग्रॅम साखर घातली. तीन तासांतही पीठ फुगले नाही. यीस्ट ताजे होते. शिवाय घट्ट मळलेल्या पिठात हवा नसताना त्याला ऊर्जा मिळते कशी?

उत्तर : साखरेनेच यीस्टचे पाणी पळवले. पिठातल्या पाण्यात साखर फार झाली की पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते आणि तिचे काम मंदावते. त्यातच यीस्टचे इन्व्हर्टेज हे विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) पेशीच्या बाहेरच साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते. एका रेणूचे दोन झाले की ही ओढ आणखी वाढते.

आता ऊर्जेचे. आत शिरलेल्या ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात आणि पेशीला निव्वळ 2 एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात. याला ऑक्सिजन लागत नाही, एनएडी (यात निघणारे इलेक्ट्रॉन उचलणारा मदतनीस रेणू) मात्र लागते, आणि तिचा साठा अगदी थोडा. ती इलेक्ट्रॉन घेऊन अडकून बसली तर सगळेच थांबेल. म्हणून यीस्ट पायरुविक आम्लातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकते, उरलेल्या ॲसिटाल्डिहाइडवर ते इलेक्ट्रॉन उतरवते आणि त्याचे अल्कोहोल होते. एनएडी मोकळी! आपल्या पावाला फुगवणारा वायू हा यीस्टच्या लेखी निव्वळ कचरा. 180 ग्रॅम ग्लुकोजमागे हिशेबाने 92 ग्रॅम अल्कोहोल आणि 88 ग्रॅम वायू निघतो. अल्कोहोल भट्टीत बहुतेक उडून जाते.

ऑक्सिजन असता तर तंतुकणिकांत (पेशीतल्या ऊर्जाघरांत) याच ग्लुकोजपासून कितीतरी पट एटीपी मिळाले असते. पण गंमत अशी, की ग्लुकोज मुबलक असेल तर पावाचे यीस्ट हवा असूनही अल्कोहोलच करत राहते. त्यामुळे पीठ उघडे ठेवून काही साधत नाही, उलट वरून पापडी धरते.

अर्धा किलो मैद्याला 7 ग्रॅम कोरडे यीस्ट, 20 ते 25 ग्रॅम साखर, 8 ते 10 ग्रॅम मीठ आणि साधारण 300 मिली कोमट पाणी घ्या. मीठही पाणी ओढते, ते कोरड्या यीस्टवर थेट टाकू नका. पाणी 40 अंशांच्या आत हवे. 60 अंशांना यीस्ट मरते. शंका असेल तर अर्धी वाटी कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटे ठेवा. फेस आला नाही तर ते यीस्ट टाकून द्या. साखर 50 ग्रॅमच्या पुढे न्यायचीच असेल, तर गोड पिठासाठीचे वेगळे यीस्ट मिळते.

प्रश्न : दुधात पीठ भिजवले तर साखर वगळता येईल का?

उत्तर : येईल, पण दुधामुळे नव्हे. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पावाच्या यीस्टला फोडता येत नाही. मैद्यातल्या स्टार्चपासून विकरे माल्टोज ही साखर तयार करतात, त्यावर यीस्टचे भागते. फक्त सुरुवात संथ होते. न वापरलेले लॅक्टोज पिठात तसेच उरते, म्हणून दुधाच्या पावाला भाजताना रंग लवकर चढतो. भट्टीचे तापमान 10 अंशांनी कमी ठेवा.