जुनी गाडी घेतल्यापासून ब्रेक दाबला की चींचीं आवाज येतोय, गॅरेजवाला म्हणतो पॅड चांगले आहेत. काय करू?

तुम्ही लिहिलंय की महिन्यापूर्वी २०१६ची हॅचबॅक घेतली, ब्रेक लावला की पुढून आवाज येतो, गॅरेजवाल्याने बाहेरून बघून पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी दाबणारे ठोकळे) अर्धे आहेत म्हणून सांगितलं आणि घरचे म्हणतात, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच. पॅड कंपनीचे टाकू की बाजारातले, हा तुमचा प्रश्न. त्याचं उत्तर खाली देतो. पण घरच्यांचं ते वाक्य वाचून राहवलं नाही, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या दाजींनी मला जवळपास तेच ऐकवलं होतं आणि मी गप्प बसलो होतो.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मशीन शॉपला आहे, एकोणीस वर्षं झाली. दिवसभर हातात मायक्रोमीटर असतो. तरी स्वतःच्या गाडीचं चाक मी वेळेवर काढलं नाही, याचा मला अजून राग आहे. गाडी दाजींच्या ओळखीच्या एजंटकडून जूनमध्ये घेतली. पहिल्याच आठवड्यात द्वारका चौकात ब्रेक दाबला की शेजारचा रिक्षावाला वळून बघायचा, इतका आवाज. एजंटकडे नेली तर त्याच्या माणसाने चाक न काढता रिमच्या फटीतून बॅटरी मारली, 'भरपूर पॅड आहे' म्हणाला आणि कसलासा स्प्रे मारला. आवाज दोन दिवस बंद, तिसऱ्या दिवशी परत सुरू. दाजींना सांगितलं तर म्हणाले, "अरे, सेकंडहँड गाडी आहे, शोरूममधून काढलीय का? ब्रेक लागतोय ना? मग झालं."

श्रावणात आई, ताई, दाजी आणि भाचीला घेऊन वणीच्या गडावर गेलो. दर्शन छान झालं. उतरताना नांदुरीचा घाट, साधारण दहा किलोमीटर, रस्ता ओला, समोर एसटी. तिसऱ्या-चौथ्या वळणापर्यंत चींचीं चालू होती. दाजींनी गाण्याचा आवाज वाढवला. मग चीं थांबली आणि तिच्या जागी खरखर सुरू झाली, लोखंडावर कानस ओढावी तशी. पेडल पायाखाली थरथरायला लागलं आणि जळका वास आत आला. मी गाडी कडेला घेतली, चाकांना दगड लावले आणि अर्धा तास सगळ्यांना खाली उतरवून उभं केलं. पुढचा घाट पहिल्या गिअरमध्ये उतरलो. आईने प्रसादाची पिशवी छातीशी घट्ट धरली होती, ती नांदुरी येईपर्यंत सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून पार्किंगमध्ये डावं चाक काढलं. बाहेरचा पॅड ६ मिलिमीटर शिल्लक. फटीतून दिसतो तो हाच. आतला हातात घेतला तर त्याच्यावर मटेरियलच नव्हतं, नुसती पाठीची लोखंडी पट्टी, निळी-काळी पडलेली. डिस्कच्या आतल्या बाजूला बोट अडकेल अशा चरी. पॅड धरून दाबणाऱ्या कॅलिपरच्या दोन पिनांपैकी एक गंजून जाम होती. छोट्या गाड्यांत पिस्टन आतल्या बाजूलाच असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि मग अख्खा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन जाम झाली की कॅलिपर सरकत नाही आणि सगळा भार आतल्या पॅडवर येतो. बऱ्याच पॅडला एक पत्र्याची जीभ असते, मटेरियल दोन-तीन मिलिमीटरवर आलं की ती डिस्कला घासते आणि चींचीं वाजते. ती मुद्दामच तशी बसवलेली असते. माझ्या गाडीत ती दोन महिने ओरडत होती.

डिस्कही मोजली. घासलेल्या डिस्कला बाहेरून कड राहते, त्यामुळे व्हर्निअर सरळ लावला तर त्या कडेचीच जाडी येते. मी दोन्ही बाजूंना एकेक नाणं ठेवून मोजलं आणि नाण्यांची जाडी वजा केली. डिस्कवर किमान १५ मिमी कोरलेलं, निघाली १४.६. फेसिंग करून, म्हणजे लेथवर सपाट करून, वापरण्यात अर्थ नव्हता, पुढच्या दोन्ही डिस्क बदलल्या.

दाजी आजही चारचौघांत सांगतात की पॅड घाटामुळे संपले. त्याच चाकातला बाहेरचा पॅड ६ मिलिमीटर होता. घाट तर दोन्ही पॅडना एकच होता ना? ज्याच्या भरवशावर घरची माणसं गाडीत बसतात त्याने 'चालायचंच' म्हणू नये, हे मी त्यांना ताईसमोर सांगितलं आणि तुमच्या घरच्यांनाही सांगेन.

आता तुमचं. तुमच्यासमोर पुढची दोन्ही चाकं काढायला लावा आणि आतला पॅड डोळ्यांनी बघा. पिना हाताने सरकतात का बघा. पिनांना ब्रेकचं वेगळं ग्रीस येतं तेच लावायचं, साध्या ग्रीसने पिनांवरचं रबर फुगतं. पॅड दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे. कंपनीचे असोत की नावाजलेल्या मेकचे बाजारातले, दोन्ही चालतात, फक्त सुटे, बिनबॉक्सचे घेऊ नका. नवीन टाकल्यावर पहिले २००-३०० किलोमीटर कचकन ब्रेक मारू नका, पॅड बसू द्या. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते जुन्या मालकाला माहीत नसेल तर बदलूनच टाका. आणि त्याची पातळी खाली गेलेली दिसली तर नुसतं भरू नका, पॅड झिजले की ती उतरतेच. मला पॅड, डिस्क, रबर, मजुरी धरून सहा हजारांच्या वर गेले. जूनमध्ये चाक काढलं असतं तर पॅड आणि मजुरीत भागलं असतं.

हे आधीच सांगायला हवं होतं: आवाज फक्त सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला किंवा गाडी धुतल्यावर येत असेल आणि नंतर जात असेल, तर तो डिस्कवरचा गंज आहे, आपल्याकडच्या पावसात होतोच. मागून येत असेल तर मागच्या ड्रम ब्रेकमधली धूळ किंवा लायनर (ड्रममधलं पॅडसारखं घासणारं मटेरियल), ते वेगळं काम. आणि नुसत्या जॅकवर गाडी उचलून स्वतः खटपट करू नका, मी स्टँड लावले होते.

चाक काढून होईपर्यंत शहरातल्या शहरात हळू चालवा, कसारा घाटात किंवा गडावर नेऊ नका. खरखर सुरू झाली असेल तर गॅरेजवाल्यालाच घरी बोलवा.