विनोदी पुस्तक ऐकताना हसू कुठे जातं? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विनोदी ऑडिओबुकांबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढे प्रश्न आले की या वेळी सगळी जागा त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, रागावू नका.

प्रश्न : ताई, एक विनोदी कादंबरी मी तीनदा वाचलीये आणि तिन्ही वेळा पोट धरून हसलोय. आता तिचं ऑडिओबुक घेतलं. आवाज छान, उच्चार स्वच्छ, एक शब्द इकडचा तिकडे नाही, पण दोन तास ऐकूनही एकदासुद्धा हसू आलं नाही. पुस्तक तेच, मीही तोच, मग बिघडलं कुठे?

उत्तर : हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत सात-आठ जणांनी विचारलाय, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपण स्वतः वाचतो तेव्हा डोळा आपल्या मर्जीने पळतो, जिथे मजा वाटते तिथे आपोआप रेंगाळतो, पुन्हा मागे जातो, आणि मनातल्या मनात एक आवाज ते बोलून दाखवत असतो. तो आवाज आपल्याला हवा तिथे थांबतो. ऑडिओबुकात हे सगळे निर्णय दुसऱ्या कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेले असतात, किती थांबायचं, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा, वाक्य कुठे सोडून द्यायचं. गंभीर कादंबरीत यातलं थोडं चुकलं तरी गोष्ट पुढे सरकते, पण विनोदात अर्ध्या सेकंदाची चूकसुद्धा ऐकू येते.

एक उदाहरण घ्या, मी आत्ताच केलेलं. "दादासाहेबांना राग कधीच येत नसे. त्या दिवशी त्यांनी तीन खुर्च्या शांतपणे मोडल्या." आता हे मोठ्याने वाचून बघा. पहिलं वाक्य संपल्यावर थांबलाच नाहीत तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात शांत स्वभावाचे दादासाहेब उभेच राहत नाहीत, मग मोडणार काय? उलट 'शांतपणे' हा शब्द हसऱ्या आवाजात, डोळा मारल्यासारखा म्हटलात की संपलं, कारण तुम्ही ऐकणाऱ्याला सांगून टाकलंत की इथे गंमत आहे बरं का. तो शब्द खरंच शांतपणे म्हणायचा असतो. दादासाहेबांना स्वतःला ते जितकं साधं वाटलं असेल तितक्याच साधेपणाने.

आणि सगळ्यात जास्त घात होतो तो शेवटच्या शब्दावर. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे गंमत बऱ्याचदा अगदी शेवटच्या शब्दात असते, इथे 'मोडल्या'मध्ये. पण वाक्य संपत आलं की श्वास संपतो, आवाज खाली जातो, आणि भलेभले अभिवाचक नेमका तोच शब्द गिळतात. ऐकणाऱ्याला तीन खुर्च्या ऐकू येतात, त्यांचं काय झालं ते अर्धवट. तुमच्या ऑडिओबुकाची पाच मिनिटं पुन्हा ऐका, फक्त वाक्यांचे शेवट ऐका. उच्चार स्वच्छ असूनही तुम्हाला हसू आलं नाही याचं कारण बहुतेक तिथेच सापडेल.

'च', 'ही', 'म्हणे' अशा चिमुकल्या शब्दांचंही तसंच. "ते म्हणे कधीच खोटं बोलत नाहीत." यातला 'म्हणे' भुर्रकन गेला पाहिजे, ओझरता. त्यावर वजन टाकलं की सरळ टोमणा होतो, आणि टोमणा मारणारा निवेदक पाच मिनिटांत नकोसा होतो.

हे मला शिकवलं माझ्या आजोबांनी. त्यांची नजर गेली तेव्हा मी कॉलेजात होते, रोज संध्याकाळी त्यांना विनोदी कथा वाचून दाखवायचे, आणि पुढची ओळ डोळ्याला आधीच दिसायची म्हणून मला आधीच हसू फुटायचं. एकदा ते म्हणाले, "तू हसलीस की मला कळतं पुढे काहीतरी आहे. मग मी वाट बघत बसतो. आणि ते येतं तेव्हा शिळं झालेलं असतं." त्यानंतर मी पुढची ओळ बोटाने झाकून वाचायला लागले. आजही कुठलं विनोदी ऑडिओबुक लावलं की मी पहिलं हेच बघते की या माणसाला पुढचं माहिती असल्याचं मला कळतंय का. कळत असेल तर मी बंद करते.

प्रश्न : नॅरेटरने प्रत्येक पात्राला वेगळा आवाज द्यावा का? मला ते आवडतं पण माझी बहीण म्हणते की ते कार्टून ऐकल्यासारखं वाटतं.

उत्तर : दोघींचंही बरोबर आहे, तुम्ही बहुतेक वेगवेगळे नॅरेटर ऐकताय. आवाज बदलण्याचं खरं काम एवढंच की कोण बोलतंय ते कळावं, म्हणजे प्रत्येक वाक्यामागे 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' ऐकताना अडखळायला होत नाही. त्यासाठी थोडासा बदल पुरतो, एकाचं बोलणं जरा घाईचं, दुसऱ्याचं प्रत्येक वाक्याआधी श्वास घेणारं. चांगला अभिवाचक पात्राचा घसा बदलत नाही, त्याचा विचार करण्याचा वेग बदलतो. चिरका आवाज, नाकातला आवाज, घोगरा आवाज असं सुरू झालं की आपण आवाजाला हसतो आणि वाक्य निसटून जातं, आणि दहा तासांच्या पुस्तकात त्या चिरक्या आवाजाचा तिसऱ्या तासाला वैताग येतो.

प्रथमपुरुषी निवेदन असेल, म्हणजे सगळी गोष्ट एकच माणूस 'मी' म्हणून सांगतोय, तर आणखी जपायला हवं. तिथे बाकीची पात्रंसुद्धा त्या 'मी'ने नक्कल करून दाखवलेली असतात. सासरे कसे बोलतात हे नाही, जावयाला सासरे कसे बोलतात असं वाटतं ते ऐकू यायला हवं. हे जमलं की काय बहार येते! एकाच वाक्यात सासरेही कळतात आणि जावयाची भीतीही.

प्रश्न : मी सगळी ऑडिओबुकं दीडपट स्पीडने ऐकतो, वेळ वाचतो. विनोदी पुस्तकालाही चालेल ना?

उत्तर : नका हो. माहितीपर पुस्तकं खुशाल ऐका, पण विनोदी नको. साधारणपणे ऑडिओबुक मिनिटाला दीडशे-एक शब्दांच्या आसपास वाचलेलं असतं, म्हणजे तासाला नऊ हजारांच्या घरात, त्यामुळे स्पीड वाढवल्यावर शब्द कळायला अडचण येत नाही आणि आवाजाची पट्टीही ॲप सांभाळून घेतं. पण शब्दांसोबत विरामही आखडतात. सहा दशांश सेकंदाचा विराम दीडपट स्पीडला चार दशांश होतो. नेहमीच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी दोन दशांश सेकंद जातात, कानाला त्याची इतकी सवय असते की त्याहून थोडं जास्त थांबलं तरी आपण लगेच कान टवकारतो, काहीतरी येतंय म्हणून. अभिवाचक याच सवयीवर खेळत असतो. तुम्ही त्याचा तो खेळ कापून टाकताय.

आणि ॲपमध्ये शांतता गाळून टाकायची एक सोय असते, ती चालू असेल तर आधी बंद करा, कारण ती नेमके विरामच उचलून फेकते. स्पीडपेक्षाही ती वाईट.

प्रश्न : लेखकाने स्वतः वाचलेलं जास्त चांगलं की नटाने?

उत्तर : लेखकाला कुठे काय दडवलंय ते ठाऊक असतं, पण ते आवाजात आणता येणं ही निराळी विद्या आहे. उत्तम लिहिणारे कितीतरी जण स्वतःचंच लेखन कोरडं वाचतात, घाईने, जणू कधी एकदा संपतंय. आपल्याकडे पु. ल. देशपांडे होते म्हणून आपली अपेक्षा फार उंचावून बसलीये. 'बटाट्याची चाळ' त्यांनी रंगमंचावर एकट्याने उभी केली, आणि त्यांच्या आवाजातलं ज्यांनी ऐकलंय त्यांना आता ते पुस्तक गप्प बसून वाचताच येत नाही, पानावरून त्यांचाच आवाज येतो. पण तिथे लेखक आणि कलावंत एकाच माणसात होते, हे रोज घडत नाही.

अशा कार्यक्रमांच्या रेकॉर्डिंगमध्ये समोरच्या लोकांचं हसू ऐकू येतं आणि सादर करणारा त्या हसण्यावर स्वार होऊन पुढे जातो, ते ओसरायला लागलं की पुढचं वाक्य टाकतो. स्टुडिओत ऑडिओबुक वाचणारा बंद खोलीत एकटा असतो, समोर माइक आणि काचेपलीकडे एखादा रेकॉर्डिस्ट. हसू कधी येईल आणि कधी ओसरेल हे त्याने नुसतं मनाशी धरायचं असतं. म्हणून या दोन गोष्टींची तुलना करताना स्टुडिओतल्या माणसाला थोडं झुकतं माप द्यावं असं मला वाटतं. त्याचं काम जास्त अवघड आहे.

मुळात कानासाठीच लिहिलेलं असेल तर ही अडचण निम्मी होते. 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' हे अंतराळात घडणारं इंग्रजी विनोदी नाटक आधी 1978 मध्ये बीबीसी रेडिओवर आलं आणि 1979 मध्ये त्याचं पुस्तक झालं, त्यातली वाक्यं बोलायला किती सोपी आहेत ते वाचतानाही जाणवतं.

प्रश्न : तळटीपांमधले विनोद, किंवा मुद्दाम चुकीचं लिहिलेलं शुद्धलेखन, हे ऐकताना कसं कळणार?

उत्तर : शुद्धलेखनाचे विनोद बहुतेक वाया जातात, ते मान्य करूया. एखाद्या पात्राच्या अशुद्ध पत्रातली ऱ्हस्व-दीर्घाची गंमत कानाला दिसणार कशी? अभिवाचक फार तर ते पत्र अडखळत, जोडाक्षरांशी झटापट करत वाचेल. तळटिपांचं मात्र छान होऊ शकतं. टेरी प्रॅचेटच्या 'डिस्कवर्ल्ड' कादंबऱ्यांमध्ये तळटिपा भरपूर आहेत, आणि त्यात मृत्यू हे पात्र अवतरणचिन्हांशिवाय, सगळं कॅपिटल अक्षरांत बोलतं. 2022 पासून या मालिकेची नवी ऑडिओबुकं यायला लागली तेव्हा तळटिपा वाचायला बिल नाय हा स्वतंत्र नट घेतला आणि मृत्यूचा आवाज पीटर सेराफिनोविचला दिला, मुख्य निवेदक निराळा. म्हणजे पानावर जे काम छोट्या टाइपाने आणि कॅपिटल अक्षरांनी केलं ते इथे आवाज बदलून केलं. मला हे फार पटलं, कारण तळटीप म्हणजे गोष्ट चालू असताना बाजूला बसलेल्याने कानात सांगितलेली गोष्टच असते.

प्रश्न : आम्ही काही मैत्रिणी अंध वाचकांसाठी विनोदी कथा रेकॉर्ड करतोय. कुणालाच अनुभव नाही. दोन कथा केल्या पण ऐकताना बातम्या वाचल्यासारख्या वाटतात. काय करावं?

उत्तर : किती चांगलं काम करताय! आणि बातम्यांसारखं वाटतंय हे तुमचं तुम्हाला कळलंय, म्हणजे कान तयार आहे. आता आवाजावर नंतर या, आधी कागदावर मेहनत करा. चार्ल्स डिकन्सने 1858 पासून पैसे घेऊन स्वतःच्या पुस्तकांचे वाचनाचे कार्यक्रम केले, त्यात 'पिकविक पेपर्स'मधल्या खटल्याचा प्रसंग लोकांचा फार लाडका होता, आणि त्यासाठी त्याने स्वतःच्याच मजकुराची वेगळी प्रत केली होती, ओळी कापलेल्या, शब्द अधोरेखित केलेले, समासात सूचना लिहिलेल्या. स्वतः लिहिलेलं वाचायला त्याला एवढं करावं लागत होतं. तुम्ही ओळी कापू नका, ती कथा दुसऱ्याची आहे, पण खुणा जरूर करा.

कथेची मोठ्या अक्षरांतली प्रत काढा. मैत्रिणींपैकी जिने कथा वाचलेली नाही तिला समोर बसवून एकदा वाचा आणि ती जिथे जिथे हसेल तिथे पेन्सिलीने टिंब द्या. मग घरी बसून प्रत्येक टिंबाच्या आधीचा शब्द शोधा, म्हणजे नेमक्या कुठल्या शब्दामुळे ती हसली. त्या शब्दाखाली रेघ मारा. रेकॉर्ड करताना त्या शब्दापर्यंत श्वास पुरला पाहिजे, एवढंच बघा. पुरत नसेल तर वाक्यात आधी कुठेतरी श्वास घ्या, तिथेही खूण करा. बातम्यांसारखं वाटतं कारण सगळ्या वाक्यांची चाल एकच होते, वर चढायचं आणि उतरायचं, वर चढायचं आणि उतरायचं, ती चाल या खुणांमुळे आपोआप मोडते.

जिथे ती हसेल असं तुम्हाला वाटलं होतं पण हसली नाही, तिथेही वेगळी खूण करा. ती जागा बहुतेक तुम्ही घाईने नाहीतर फार सांभाळून वाचलेली असते.

टेक घेताना एखादीला हसू फुटलं तर थांबा, पाणी प्या, आणि त्या वाक्यापासून नको, आधीच्या परिच्छेदापासून परत घ्या, नाहीतर आवाजातलं दाबलेलं हसू जोडल्या जागी ऐकू येतं. शक्य झालं तर ज्यांच्यासाठी करताय त्यांच्यापैकी एकाला पहिली कथा समोर बसून ऐकवा आणि ऐकताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. ते कधी हसले हे तर कळेलच, पण हसायच्या जरा आधी मान किंचित पुढे येते, तेही टिपून ठेवा, किती आधी आली ते.